बेचाळीस मिलिमीटर

तो पहिल्यांदा आला तेव्हा माझे दोन्ही हात रबराच्या चिकानं माखलेले होते आणि डोक्यावरचा टॉर्चचा पट्टा तसाच राहून गेला होता. सकाळचे साडेसात वाजले होते. पहाटे चारपासून तीनशे झाडांची साल कापायची, मग त्याच तीनशे झाडांपाशी परत जाऊन करवंट्यांतला चीक बादलीत ओतायचा... एवढं करून मी नुकती वाटेवर आले होते. कुणी माझ्याकडे बघावं अशी माझी अवस्था नव्हती. आणि कुणी बघेल असं ते ठिकाणही नव्हतं. आनक्कुन्नच्या शेवटच्या वळणावर आमचं घर. त्यापुढे रस्ताच नाही.

त्याची स्कूटर त्या वळणावरच्या चिखलात रुतली होती. तो उतरून तिच्याकडे बघत उभा होता, काखेत प्लॅस्टिकची एक बाटली, तान्हं मूल धरावं तशी जपून धरलेली.

"चेची, इथून वर अजून एखादं घर आहे का?"

"चेची?" मी बादली खाली ठेवली. "केस तुमचे पिकायला लागलेत, आणि ताई मी?"

"चुकलो. मग काय म्हणू?"

"काही नका म्हणू. वर घर नाही. डोंगर आहे, आणि डोंगरावर ढग."

"मग मला तुमचंच घर पाहिजे."

बोलून गेल्यावर ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं, कारण त्याचे कान एकदम लाल झाले. "म्हणजे — पाऊस मोजायला," तो म्हणाला.

नाव एल्दो. खाली कडवुंकरला नदीकाठच्या बाजारात त्याचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. दुपारभर खळ आणि दोरा, आणि उरलेल्या वेळात हा उद्योग. दोन वर्षांपूर्वी कडवुंकरला अचानक पूर आला होता. त्यानंतर तिथल्या दहा-बारा माणसांनी मिळून नदीवर लक्ष ठेवायचं ठरवलं. निवृत्त झालेले कुर्याक्कोस मास्तर, एक पोस्टमन, बदकं पाळणारी कुंजम्मा, आणि हा. पुलाच्या खांबावर त्यांनी रंगानं फूटपट्टी काढली होती. लोणच्याच्या बरणीवर फुगा ताणून हवेचा दाब बघायचं यंत्र केलं होतं. पाऊस मोजायच्या बाटल्या एल्दो स्वतः कापायचा.

"टीव्हीवर अख्ख्या जिल्ह्याचा मिळून एक अंदाज सांगतात," तो म्हणाला. "पण आमच्याकडे पाणी येतं ते या डोंगरावरून. इथं पहाटे पडलेला पाऊस सहा-सात तासांत माझ्या दुकानाच्या पायरीशी. इथल्या कुणी आठ वाजता मला नुसता आकडा सांगितला ना, तर दुपारचं काय होणार ते मी खाली सांगू शकतो."

घरातून माझ्या वडिलांचा आवाज आला. अर्धांगानंतर त्यांची जीभ जड झाली होती, पण धार गेली नव्हती. "कोण आहे गं?"

"पाऊस मोजायला आलेत, चाच्चन."

"पडतो तो पुरत नाही का त्यांना?"

एल्दो हसला तेव्हा मी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. बोटांवर वाळलेली खळ, पापुद्र्यापापुद्र्यानं सुटत चाललेली. दमलेला चेहरा, पण माझ्यासारखा नाही. काहीतरी मनापासून करून दमलेला.

अंगणात जागा शोधायला त्यानं तासभर घेतला. झाडाची उंची जितकी, त्याच्या दुप्पट तरी बाटली झाडापासून लांब हवी. छपराचं पाणी उडायला नको. कोंबडी वर बसायला नको. शेवटी विहिरीपलीकडे एक बांबू रोवून त्यावर ती बसवली. बाटलीचं तोंड कापून उलटं आत खोचलेलं, नरसाळ्यासारखं. तळाशी खडे, खड्यांवर शून्याच्या रेघेपर्यंत पाणी, आणि बाजूला त्याच्या बारीक अक्षरात आखलेले मिलिमीटर, दीडशेपर्यंत.

"दीडशेच्या वर गेला तर?" मी विचारलं.

"तर आठ वाजेपर्यंत थांबायचं नाही. लगेच फोन करायचा."

*

माझं तेव्हा तिसावं सरलं होतं. आठ वर्षं कुवेतला नर्स होते. चाच्चन पडले आणि मी आले. तीन महिन्यांसाठी म्हणून आले ती तीन वर्षं झाली. भाऊ आयर्लंडला, रविवारी व्हिडिओवर येऊन "बरे दिसतायत" म्हणायचा. रबर कापायला माणूस मिळेना, म्हणून मीच सुरी हातात घेतली. त्या तीन वर्षांत माझ्याकडून सगळ्यांना काही ना काही हवं असायचं. पण मी काय सांगते याची कुणी वाट बघत असेल, असं मात्र नव्हतं.

आणि आता रोज सकाळी आठला कुणीतरी वाट बघत होतं. मी छत्री घेऊन विहिरीपलीकडे जायची, डोळ्यांच्या रेषेत बाटली येईल एवढी वाकायची आणि तिथूनच फोन लावायची.

"किती?"

"अठरा."

"अठराच? काल इथून तुमचा डोंगर दिसत नव्हता."

"दिसत नव्हता तो ढगानं. ढग म्हणजे पाऊस नव्हे. तुम्हीच शिकवलंत."

"शिकवायला नको होतं."

दुसऱ्या दिवशी, "साडेसहा."

"साडेसहा, की साडेसहाच्या जवळपास?"

"नर्स होते मी, एल्दोचेट्टा. थर्मामीटर वाचता येतो मला." वयानं मोठा म्हणून मी त्याला 'चेट्टा' म्हणायची.

"मग माझाही ताप बघा एकदा. हल्ली आठच्या सुमाराला चढतो."

मी फोन ठेवून दिला. ठेवल्यावर हसले. हसू आलं की गालाला वेगळंच वाटायचं तेव्हा, सवय राहिली नव्हती.

दर दुसऱ्या रविवारी तो वर यायला लागला. बाटली तपासायला, असं म्हणायचा. शेजारची त्रेस्या चेडत्ती कुंपणापलीकडून विचारायची, "बाटलीत असं काय भरतंय गं, की दर पंधरा दिवसांनी बघावं लागतं?" मी म्हणायची, "शेवाळ."

एका रविवारी तो दुधाच्या पावडरचा रिकामा डबा घेऊन आला, दोन्ही बाजूंनी कापलेला. जमीन पाणी किती वेळात पिते ते बघायचं होतं. आधी रबराच्या झाडाखाली त्यानं तो डबा ठोकून अर्धा मातीत गाडला, वरून मोजून पाणी ओतलं, घड्याळ काढलं आणि उकिडवा बसला.

"आता?" मी विचारलं.

"आता बघायचं."

"आणि काय करायचं?"

"काही नाही."

"मला काही नाही करता येत नाही."

"म्हणूनच बस म्हणतोय." त्या दिवशी पहिल्यांदा तो माझ्याशी 'तू'च्या भाषेत बोलला, आणि दोघांनीही ते लक्षात आलं नाही असं दाखवलं.

मी बसले. पाणी हलत नव्हतं. वरच्या पानांवरून राहून राहून थेंब पडत होते, डब्यात वर्तुळं उठत होती. चार मिनिटं... सात... माझे खांदे कानांपासून जरा खाली आले. आपले खांदे इतके वर असतात हे मला माहीतच नव्हतं.

"तुझ्या पायावर —" तो एकदम उठून मागे सरला. "जळू."

घोट्यावर होती, पोट भरत आलेलं. मी नखानं सोडवून फेकून दिली.

"पुराच्या पाण्यात उतरणारा माणूस जळवेला घाबरतो?"

"पाण्याला दात नसतात."

बावीस मिनिटांनी डबा रिकामा झाला. मग आम्ही कुंपणाजवळच्या जुन्या रानफणसाखाली गेलो. तिथं वर्षानुवर्षांचा पाचोळा कुजून माती काळी आणि भुसभुशीत झालेली. तोच डबा, तेवढंच पाणी. चार मिनिटांत संपलं.

"बघितलंस?" तो म्हणाला. "या झाडाखालची जमीन पाणी पोटात घेते. तिकडची घेत नाही, खाली पाठवून देते. माझ्याकडे."

"मग काय, रबर तोडू?"

"नको. नुसतं माहीत असू दे." डबा उपटताना त्याचा हात माझ्या हातावर पडला. माझ्या तळहाताला चिकाचे डाग होते, त्याच्या बोटांना खळ. दोन्ही चिकट. कुणाचा हात आधी सुटला ते मला आठवत नाही.

*

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात चाच्चनना ताप आला. छातीत कफ. त्यांना कुशीवर वळवणं, पाठ थोपटणं, कपडे बदलणं, आणि पाऊस तर थांबायला तयार नाही, त्यामुळे धुतलेलं काही वाळत नव्हतं. घरभर दोऱ्या बांधून मी कपडे पंख्याखाली टाकले होते. तीन रात्री मी पाठ टेकली नव्हती. चौथ्या पहाटे त्यांचा ताप उतरला आणि मी त्यांच्या खाटेशेजारी चटईवर पडले, पडले म्हणजे कोसळलेच.

फोन वाजला तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

"किती?" एल्दो.

मी डोळे उघडले नाहीत. बाहेर रिपरिप चालली होती, विशेष काही नाही. आदल्या दिवशी अडतीस होता. विहिरीपर्यंत जायचं म्हणजे उठायचं, छत्री शोधायची, अंगण तुडवायचं... माझ्या पायांत तेवढंही बळ नव्हतं.

"बेचाळीस," मी म्हटलं.

पलीकडे क्षणभर काही ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "बरं."

आठ वर्षांच्या नोकरीत मी एकाही पेशंटचा ताप न बघता कागदावर चढवला नव्हता. मरायला टेकलेल्या माणसाचासुद्धा नाही. पण तो आकडा माझ्या तोंडून इतका सहज गेला, की मी कूस बदलून परत झोपले.

साडेदहाला जाग आली. वीज गेलेली, घर गप्प. चाच्चन जागे होते. "पहाटे केवढा कोसळला," ते म्हणाले. "तू मेल्यासारखी पडली होतीस. हाका मारल्या तुला."

मी तशीच अनवाणी विहिरीपलीकडे गेले. बाटली काठोकाठ भरून वाहत होती. दीडशेची रेघ कुठल्या कुठे पाण्याखाली.

फोन लागेना. वीज गेली की आमच्याकडचा टॉवरही जातो. त्रेस्या चेडत्तीला चाच्चनजवळ बसवलं आणि चर्चच्या टेकडीकडे पळाले. तिथं पलीकडच्या गावाचा सिग्नल धरतो. एरवी अर्ध्या तासाची वाट, पण दोन ठिकाणी ओढा रस्त्यावर आला होता, वळसा घालत जावं लागलं. सव्वाबाराला फोन लागला.

"एल्दोचेट्टा, दीडशेच्या वर आहे. पुष्कळ वर. पाणी येतंय —"

"आलं," तो म्हणाला. मागे माणसांचा आरडाओरडा ऐकू येत होता. "पायरी चढलंय. ठेवतो."

*

माणूस कुणी दगावलं नाही. हे मला संध्याकाळी कळलं आणि मी चर्चच्या पायरीवर बसून राहिले. बाकीचं कळायला आठवडा गेला, रस्ता मोकळा झाल्यावर. कुंजम्माची साठ बदकं वाहून गेली होती. एल्दोच्या दुकानात कंबरभर पाणी दोन तास उभं होतं. कडवुंकरच्या वाचनालयानं बांधायला दिलेली दोनशे बारा पुस्तकं खालच्या फळ्यांवर होती. आठच्या फोननंतर त्यानं तेरा घरांना सांगितलं होतं, आज बेचाळीस आहे, सामान हलवायची गरज नाही.

त्या आठवड्यात त्याचा फोन रोज आला. "किती?" "एकवीस." "बरं." एवढंच. मला सांगायचं होतं, रोज सांगायचं होतं. फोनवर ते तोंडातून निघेना.

रविवारी वाचनालयाच्या माडीवर मंडळी जमणार होती. मी सकाळच्या बसनं खाली गेले. जिना चढत असतानाच त्याचा आवाज ऐकू आला.

"बाटलीच्या तळाला तडा होता. पाणी गळून गेलं, म्हणून आकडा कमी आला. बाटली मी बनवली, मी तपासायला हवी होती. वरच्या बाईंची यात काही चूक नाही."

मी दारातच थांबले. वीसेक माणसं होती. छत्रीचं पाणी माझ्या पायांवर गळत होतं. ज्या माणसाला साडेसहा आणि साडेसहाच्या जवळपास यांतला फरक कळतो, तो एवढ्या लोकांसमोर उभा राहून चक्क खोटं बोलत होता.

"तडा नव्हता," मी म्हटलं.

सगळे वळले. एल्दोनं मान हलवली, बोलू नकोस अशी. पण आता थांबणं मला जमलं नसतं.

"बाटली चांगली आहे. मी बघायला गेलेच नाही. अंथरुणात पडून आकडा सांगितला. मनानं."

मग कुंजम्मा, काळी, किडकिडीत, साठीची बाई, तिनं विचारलं, "आजारी होतीस?"

"नाही. दमले होते."

"आम्ही सगळ्याच दमलेल्या असतो, मोळे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. लेकीला हाक मारावी तसं 'मोळे' म्हणाली, ते जास्त लागलं.

मी बाहेर व्हरांड्यात आले. एल्दो मागोमाग आला.

"कशाला बोललीस? मी निभावून नेलं होतं."

"खोटं सांगून?"

"मग तू काय सांगितलं होतंस?"

मी कठड्यापाशी गेले. खाली नदी अजून गढूळ होती, एखाद्या आजारी जनावरासारखी संथ सरकत होती. तो कठड्याला टेकून उभा राहिला. त्यानं दाढी केलेली नव्हती, डोळे खोल गेलेले.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"त्या दिवशीच. आठ वाजून दहाला. तू रोज बाटलीजवळून बोलतेस, तुझ्या छत्रीवर पाऊस वाजतो. त्या दिवशी पंख्याचा आवाज येत होता." तो थोडं थांबला. "तू उठलीच नव्हतीस, हे मला कळलं होतं."

"मग विचारलंत का नाही? जाऊन बघ, एवढंच म्हणायचं होतं."

"जिभेवर आलं होतं."

"मग?"

"तुझा आवाज..." त्यानं बोटांवरची खळ खरवडली. "इतका दमलेला होता. वाटलं, झोपू दे तिला. अर्ध्या तासानं परत फोन करीन. मग वीज गेली, टॉवर गेला. पण तोवर तेरा घरांना मी बेचाळीस सांगून बसलो होतो. माहीत असून."

मी त्याच्याकडे बघत राहिले. आयुष्यात मला किती जणांनी उठवलं होतं. वॉर्डच्या घंटेनं, चाच्चनच्या हाकेनं, घड्याळानं, भावाच्या फोननं. झोपू दे म्हणून कुणी थांबलेलं मला आठवत नव्हतं.

"असं कुणी करतं का?" माझा आवाज फाटला. "कुणाच्या झोपेसाठी साठ बदकं आणि दोनशे पुस्तकं?"

"करू नये," तो म्हणाला. "केलं खरं."

एवढंच. याहून वेगळ्या शब्दांत त्यानं ते मला पुढेही कधी सांगितलं नाही, आणि मीही मागितलं नाही.

तो आत गेला. मीही दारापर्यंत गेले. त्यानं उभं राहून सगळं सांगितलं, पंख्यासकट. कुर्याक्कोस मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "म्हणजे दोघंही," ते म्हणाले.

"बदकं गेली माझी," कुंजम्मा म्हणाली, "आणि लग्न होणार यांचं."

कुणीतरी हसलं. मग सगळेच थोडं थोडं हसले, थकलेली माणसं हसतात तसे, आवाज न करता. त्या दिवशी मास्तरांनी एक नियम घातला तो अजून चालू आहे. कुणाला बघायला जमलं नाही तर सरळ सांगायचं, आज बघितलं नाही. "शून्य वेगळं, आणि बघितलं नाही हे वेगळं," ते म्हणाले. "बघितलं नाही म्हणायची लाज वाटायचं कारण नाही." आमच्या डोंगरावर शाळेत स्वयंपाक करणाऱ्या लीलाम्मानं आठवड्यातले तीन दिवस आपल्याकडे घेतले. तिच्या अंगणातही एक बाटली आली.

*

पुस्तकं वाळवायला मी जायला लागले. चीक गोळा करून, चाच्चनना पेज भरवून, अकराची बस. आठवड्यातून तीनदा. चारच्या बसनं परत. दुकानात कुजल्या कागदाचा आणि चिखलाचा वास भरून राहिला होता. बांबूची पातळ पट्टी चिकटलेल्या पानांत सरकवायची, पान अलगद सोडवायचं, मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालायचा, मग पुढचं पान. एका पुस्तकाला दोन दिवस लागायचे. काही पुस्तकांचा नुसता लगदा झाला होता. साठेक तशीच टाकून दिली. प्रत्येक टाकताना तो त्याचं नाव मोठ्यानं वाचायचा.

आम्ही फारसं बोलत नव्हतो. रागावलेला होता का? होता. माझ्यावर, स्वतःवर, पाण्यावर. मीही होते. पण राग धरायलासुद्धा जीव लागतो, आणि तो आमच्यात उरला नव्हता. पहिल्या आठवड्यात तो माझा चहा टेबलावर ठेवून निघून जायचा. दुसऱ्या आठवड्यात स्वतःचा कप घेऊन समोर बसायला लागला. तिसऱ्या आठवड्यात म्हणाला, "दमलीस?"

"हो," मी म्हटलं. कुणी विचारलं की मी नेहमी 'छे' म्हणायची. हो म्हणून बघितलं. छताचा पत्रा काही कोसळला नाही.

सप्टेंबर संपत आला होता. त्या दुपारी ऊन पडलं होतं. दुकानाच्या मागच्या भिंतीला वाळलेली पुस्तकं रांगेनं उभी होती, फुगलेली, वाकडीतिकडी, पण वाचता येतील अशी. एल्दो एका पुस्तकाचा कणा शिवत होता. मान वर न करता म्हणाला,

"मी दुकान हलवतोय."

"कुठं?"

"वर. पुस्तकं कुठंही बांधता येतात. डोंगरावर बांधली तर भिजत तरी नाहीत."

"डोंगरावर बुरशी येते."

"बुरशी पुसता येते." दोरा ओढून त्यानं गाठ मारली. "आनक्कुन्नच्या वळणाजवळ खोली मिळेल, असं त्रेस्या चेडत्ती म्हणत होती."

म्हणजे हे कुंपणापलीकडून आधीच ठरलं होतं तर. मी पट्टी खाली ठेवली. हसू येत होतं, आणि त्याच वेळी मला एवढं थकल्यासारखं झालं, की दोन्ही मिळून डोळ्यांत पाणी आलं.

"एल्दोचेट्टा, माझ्यात आता आणखी कुणाचं काही करायचं त्राण नाही. कुणाचा डबा, कुणाची औषधं, कुणाचं मन. मी पार संपलेय. तुम्हाला कुणी ताजी, हसरी —"

"मला कुठं काय करून हवंय?"

"लग्न म्हणजे तेच असतं."

"मला पेज करता येते," तो म्हणाला. "चाच्चनना कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात, हेही मी बघितलंय. रबर कापता येत नाही. शिकेन... जळवा सोडून." मग त्यानं सुई बाजूला ठेवली, आणि आता तो विचारणार हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं.

"आत्ता नको," मी म्हटलं. "आत्ता मी काहीतरी मनानं सांगून बसेन. आधी मला जरा झोपू दे. मग विचार."

मी त्याला 'तू' म्हटलं होतं. त्यानं उठून कोपऱ्यात कोऱ्या कागदाचे गठ्ठे सरळ केले, त्यांवर स्वतःची चादर घातली, आणि रस्त्याकडचं दार अर्धं ओढून घेतलं. मी आडवी झाले. सुई कागदातून जाताना बारीक आवाज होतो, तो ऐकत होते. मग तोही ऐकू येईनासा झाला.

उठले तेव्हा उन्हाची तिरीप भिंतीवर चढली होती. दोन तास गेले होते. तो तिथंच बसला होता, पुढ्यात तीन पुस्तकं शिवून झालेली. मी केस बांधले, तोंडावर पाणी मारलं, त्याच्या समोरच्या स्टुलावर येऊन बसले. डोकं स्वच्छ होतं. किती महिन्यांनी, कोण जाणे.

"विचार आता," मी म्हटलं.

त्यानं विचारलं. फार वाईट विचारलं, अडखळत, अर्ध्यातून परत सुरुवात करत. मी हो म्हटलं. तेवढ्यात स्टँडवर चारच्या बसचा भोंगा वाजला, आणि आम्ही दोघंही चपला हातात घेऊन बाजारातून पळालो, कारण वर चाच्चन वाट बघत होते आणि त्यांना दोघांनी मिळून सांगायचं होतं.